तडा पाठीला, दुरुस्ती घराची

पाळलेल्या कासवाच्या पाठीला तडा गेला की घरातलं कोणीतरी आधी फेविक्विक शोधतं, नाहीतर एम-सीलची कांडी मळायला घेतं. कुंडी फुटली की सांधतो, तसंच हेही, असा हिशेब असतो. पण कवच हा कासवाच्या सांगाड्याचाच भाग आहे. मणके आणि बरगड्या रुंद होऊन एकमेकींना जुळतात, सुमारे पन्नास हाडांची पेटी तयार होते आणि तिच्यावर आपल्या नखांत असतं त्याच केराटिनचे जाड खवले बसतात. खालचं हाड जिवंत असतं. त्यात रक्त आहे, नसा आहेत, ते दुखतं. म्हणजे हा तडा उघडा अस्थिभंग झाला. त्यावर एम-सील भरलं तर जखमेत शिरलेले जंतू आत कोंडले जातात आणि पू बाहेर यायला वाट उरत नाही.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. कोल्हापुरात ‘लक्ष्मी येते’ म्हणून पाळलं जातं ते पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ते अनुसूची एकमध्ये आहे. ते जखमी दिसलं तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकाला फोन करायचा, विषय संपला. हा लेख आहे तो सल्काटा या आफ्रिकन जमिनीवरच्या कासवाबद्दल. पाळीव प्राण्यांच्या बाजारातून ते तळहातावर मावेल एवढं येतं आणि पुढे चाळीस किलोंच्याही वर जातं. तेही आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहे, त्यामुळे 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. विकणारा हे सहसा सांगत नाही.

बहुतेक जखमा दोनच प्रकारच्या. एक, कुत्र्याने चावलेलं. दुसरी, गच्चीवरून पडलेलं. कासवाला उंचीचा अंदाज फारसा नसतो आणि कठड्याखालची पाणी जायची मोरी त्याला वाट वाटते.

पहिल्या तासात करायचं थोडंच आहे, पण नीट. कासव स्वच्छ टॉवेलवर, खोक्यात, घरात आणायचं. मेडिकलमधून सलाइनची बाटली आणून माती हळू धुऊन काढायची. नळाखाली धरायचं नाही. बीटाडीन वापरायचंच तर पाण्यात अगदी फिकट होईपर्यंत पातळ करून. मात्र धुण्याआधी तड्याकडे मिनिटभर नुसतं बघा. कासवाची फुप्फुसं थेट पाठीच्या छताखाली चिकटलेली असतात. श्वासाबरोबर तड्यातून बुडबुडे किंवा फेस येत असेल तर फुप्फुसापर्यंत वाट उघडली आहे, आणि तिथे एक थेंबही ओतायचा नाही. आपल्यासारखा श्वासपटल त्याला नसतो. पायांच्या मुळाशी असलेल्या आणि पोटातल्या स्नायूंनी ते हवा आत-बाहेर करतं, म्हणून पाठ उघडी पडूनही बऱ्याचदा श्वास चालू राहतो. ज्याला ‘गेलंच’ म्हणून सोडून देतात ते पुष्कळदा वाचण्यासारखं असतं. तडा पाठीच्या मधोमध असेल तर मागचे पाय ओढून बघा, ते आत घेतं का. पाठीचा कणा त्या रेषेतूनच जातो.

मग घरातल्या मोठ्या माणसाचा प्रश्न येतोच: “डॉक्टर, तोवर हळद दाबली तर चालंल न्हवं?” नको. पिवळ्या चिखलाखाली जखम किती खोल आहे ते कळत नाही आणि डॉक्टरांचा पहिला अर्धा तास ती खरवडण्यात जातो. कोरडी जाळीदार पट्टी ठेवा आणि माश्या बसू देऊ नका. पावसाळ्यात उघड्या जखमेत एका दिवसात अळ्या होतात.

डॉक्टर एक्स-रे काढतील, तुकडे स्क्रू आणि तारेने जवळ आणतील. काही बचाव केंद्रांत ब्लाउजला असतात तसले हूक कवचाला चिकटवून त्यांत तार ओवतात, आणि ते उत्तम चालतं. आपल्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा हात म्हशी-गायींवर बसलेला असतो, म्हणून दोन गोष्टी मालकाने आठवणीने बोलाव्यात. गोचीड-जंतांवर सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला विष आहे, त्याने कासव मरतं. दुसरं, प्रतिजैविकाचा हिशेब कुत्र्याचा लावता येत नाही. सेफ्टाझिडाइमसारखं औषध कासवाला साधारण 72 तासांनी एकदा देतात, कारण त्याचं शरीर ते फार सावकाश बाहेर टाकतं.

सावकाश म्हणजे किती, ते ठरवतं तापमान. कासव स्वतःची ऊब तयार करत नाही. भोवतालची हवा आणि जमीन जेवढी गरम, साधारण तेवढंच त्याचं रक्त. पचन, पांढऱ्या पेशींचं काम, हाड भरून येणं, औषध पसरणं हे सगळं 28 ते 32 अंशांत नीट चालतं आणि 20 च्या घरात रांगायला लागतं. जुलैत कोल्हापुरात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, दिवसाचं तापमान पंचविशीच्या आसपास रेंगाळतं. आपल्याला स्वेटर लागत नाही, म्हणून कासवही ठीक असेल असं आपण धरून चालतो. इकडे सुदान-चाडच्या कोरड्या पट्ट्यातला हा प्राणी ओल्या फरशीवर बसून आपली प्रतिकारशक्ती बंद करत असतो. महागडी इंजेक्शनं चालू असतात आणि जखम आहे तिथेच असते. कवचाचं हाड सांधायला महिने लागतात, कधी वर्षाच्याही पुढे. एवढा काळ इंजेक्शनवर कोणी काढत नाही. तो काढायचा असतो उबदार जागेच्या जोरावर.

म्हणून माझ्या मते खर्चाची पहिली रक्कम उबेवर जावी. प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, त्याला थर्मोस्टॅट, आणि एक साधा तापमापक, तोही भिंतीवर न लावता कासवाच्या पाठीच्या उंचीला. एक कोपरा 35 अंश, दुसरा 26. कुठे बसायचं ते त्याला ठरवू द्या. जखम भरेपर्यंत खाली माती नको, वर्तमानपत्र किंवा जुना टॉवेल, रोज बदललेला. 2019 च्या महापुरात शहराच्या कित्येक भागांत वीज नव्हती, म्हणून टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्यांची सोय आधीच करून ठेवा.

काचेची टाकी मात्र काढून टाका. पारदर्शक भिंत कासवाला कळत नाही, ते दिवसभर तिला धडका देत राहतं. शिवाय खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन ऊब देतं, पण 290 ते 315 नॅनोमीटरचे अतिनील किरण काचेतच अडतात. त्यांच्याशिवाय कातडीत ड जीवनसत्त्व बनत नाही, ड नाही तर कॅल्शियम हाडात जात नाही, आणि मोडलेलं हाड भरायचं कशाने? पावसाळ्यात हे किरण देणारी यूव्हीबी ट्यूब, एरवी सकाळचं थेट ऊन. ट्यूब दिसायला पेटलेली राहते पण किरण ओसरतात, ती सहा महिने ते वर्षात बदलावी.

अंगणातली जागा करताना न दिसणारा भाग जास्त महत्त्वाचा. सल्काटा बिळं खणतं. मायदेशी उन्हापासून वाचायला ते योग्यच, पण आपल्या काळ्या मातीत पहिल्या जोरदार पावसाला बिळात पाणी भरतं आणि वरचा थर बसतो. म्हणून भिंतीचा पाया दीड-दोन फूट खाली न्या, आणि राहायची खोपटी विटांच्या जोत्यावर, मुरूम टाकून, फूटभर उंच करा. दाराला पोत्याचा पडदा. कुत्रा घरचा असला, ‘काही करत नाही’ असा असला, तरी मध्ये जाळी हवीच.

ओलावा वाईट असं मात्र नाही. 2003 साली सल्काटाच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगात कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर जास्त उंचवटे आले. खाण्यातल्या प्रथिनांचा त्यावरचा परिणाम किरकोळ निघाला. पिल्लांना दमट हवा लागते, पण उबदार दमट. थंड ओलाव्याने न्यूमोनिया होतो: नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास.

खाण्यात दूधभात, दहीभात, चपाती बंद. आपल्याकडे दुसरा मोह उसाच्या वाढ्यांचा, कारण ते फुकट मिळतात. पण वाढ्यांत ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं. म्हशींनाही म्हणूनच वाढे चुन्याच्या निवळीची प्रक्रिया करून द्यायला सांगतात. पालकाचंही तेच. हरळी, वाळलेलं गवत, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेला निवडुंग हा रोजचा आहार. वरून कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, आणा. अख्खा टाकला तर काही कासवं कुरतडतात, काही ढुंकून बघत नाहीत. तसं असेल तर किसून, आठवड्यातून दोन-तीनदा पानांवर चिमूटभर भुरभुरा.