रेस्व्हेरॅट्रॉल वेगळं, रेड वाइन वेगळी

‘रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली’ म्हणणाऱ्याला कारण विचारा, उत्तर ठरलेलं असतं: त्यात रेस्व्हेरॅट्रॉल हे द्राक्षातलं संयुग आहे. आहे, हे खरंच. पण प्रयोगांत वापरलेलं रेस्व्हेरॅट्रॉल आणि ग्लासातली वाइन यांना एकच समजायचं, हा घोळ वर्षानुवर्षं चालू आहे.

वाइन कशी होते हे नाशिककडच्यांना सांगायला नको. काळी द्राक्षं सालीसकट आंबवतात आणि रेस्व्हेरॅट्रॉल सालीत असतं, म्हणून ते व्हाइटपेक्षा रेडमध्ये जास्त उतरतं. रेड-व्हाइटचा मुद्दा एवढ्यावर सोडून द्यावा.

प्रश्न आहे तो मात्रेचा. एक लिटर रेड वाइनमध्ये रेस्व्हेरॅट्रॉल साधारण २ मिलिग्रॅम. काहींत कितीतरी कमी, काहींत काही पट जास्त. म्हणजे १५० मिलिलिटरच्या ग्लासात ०.३ मिलिग्रॅम. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र दिवसाला ५०० मिलिग्रॅमसारखे डोस कॅप्सूलमधून देतात. तेवढं वाइनमधून मिळवायचं तर रोज २५० लिटर हवी, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३३३ बाटल्या! शिवाय पोटात गेलेल्या रेस्व्हेरॅट्रॉलचं आतडं आणि यकृत लगेच दुसऱ्या संयुगांत रूपांतर करतात. मूळ रूपात रक्तात पोचतं ते जेमतेम. त्यामुळे परीक्षानळीतल्या पेशींवर दिसलेला परिणाम शरीरात दिसेलच असं नाही, आणि कॅप्सूलच्या चाचण्यांचे निकालही एकसारखे नाहीत.

अल्कोहोल मात्र त्याच ग्लासात भरपूर असतं. वाइन १३ टक्क्यांची असेल तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे रेस्व्हेरॅट्रॉलच्या पन्नास हजार पट. शरीर या अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवतं आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८मध्येच अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात घातलं, आणि त्यात वाइनला सूट नाही. म्हणून सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्यावरून २०२२मध्ये महाराष्ट्रात ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं जे ठासून सांगितलं गेलं, ते निखालस चूक आहे.

बियर किंवा व्हिस्कीऐवजी चवीसाठी वाइन निवडायची असेल तर खुशाल निवडा. औषध म्हणून नको. वाइनचं माहेरघर असलेल्या इटलीतल्या कियान्ती भागात ६५ वर्षांपुढच्या ७८३ जणांच्या लघवीत रेस्व्हेरॅट्रॉलचे अंश मोजून त्यांच्यावर नऊ वर्षं लक्ष ठेवलं होतं. निकाल २०१४मध्ये आला: ज्यांच्यात ते जास्त होतं त्यांना ना हृदयविकार कमी झाला, ना कर्करोग, ना ते जास्त जगले.