नाक, ओचे आणि ‘उदाहरणार्थ’: गोष्ट लक्षात का राहते, याची पार्श्वभूमी

नाशिकच्या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात. एक, नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ अशी म्हणच आहे. दुसरी शूर्पणखेच्या नाकाची, ‘नासिका’वरून आलेली. घरी पाहुणे आले की त्यांना रामकुंडावरून सीतागुंफेकडे नेताना टेकड्यांची व्युत्पत्ती सांगून बघा. सगळे ‘हो का’ म्हणतात आणि भेळेच्या गाडीकडे बघतात. ‘लक्ष्मणानं नाक कापलं ते इथंच’ म्हटलं, की बरोबरचं पोर आधी स्वतःच्या नाकाला हात लावतं. खरी कुठली, हा भाग वेगळा. टिकली कुठली, ते उघड आहे.

छापील मराठी कादंबरीचा इतिहास याच नजरेनं चाळला तर मजा येते. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत पक्की बसली आहे, पण तिच्यातला एखादा प्रसंग सांगा म्हटलं तर गाइडवाला गप्प. पुढे ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) आल्या. त्यांचंही तेच झालं.

आता हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ घ्या. १८९० साली सुरू केलेल्या आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात त्यांनी ती क्रमशः छापली. गंमत अशी की ‘यमुनापर्यटन’ आणि ही, दोन्ही कादंबऱ्यांच्या नायिकेचं नाव यमुनाच, आणि दोन्हींचा विषयही विधवांचे हाल हाच. पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते. गावोगावच्या विधवांच्या कहाण्या ऐकते, बघते, हळहळते. तिच्यावर स्वतःवर वैधव्य येतं तोवर वाचकाला आपण अहवाल वाचतोय असं वाटू लागलेलं असतं. आपट्यांची यमू कुठं जात नाही. ती दादाबरोबरच्या लहानपणापासून स्वतःच्या तोंडानं सांगत बसते, आणि तिच्या केसांना वस्तरा लागतो तेव्हा आपण तिला बरीच वर्षं ओळखत असतो. विषय एकच, नावही एकच. फरक पडला तो कोण बोलतंय यानं. शिवाय साप्ताहिकामुळे मध्ये आठवडा जायचा. त्या आठवड्यात यमूची चर्चा माजघरात व्हायची, आणि मला वाटतं निम्मी कादंबरी तिथंच पाठ झाली असणार. आज एका रात्रीत संपवलेली जाडजूड पुस्तकं महिन्याभरात पुसली जातात, त्यामागं हेही एक कारण असावं.

नाशिकचा स्वतःचा मोठा दाखला तुरुंगातला आहे. साने गुरुजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेतली. म्हणजे ऐकलेलं बोलणं कागदावर आणायचा हात तिथं चांगला बसला होता. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. पुस्तक १९३५ला आलं. त्यात प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. उजळणी अशी आपोआप होत जाते.

आणि तो धोंडा. आंघोळ झाल्यावर श्याम हट्ट धरतो, माझ्या तळव्यांना माती लागेल. आई धोंड्यावर लुगडं पसरते, तो त्यावर पाय ठेवून उडी मारतो. मग ती म्हणते, पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसं मनालाही जप. उपदेश कितीही गोड असला तरी तो एकटा टिकला नसता. त्याला धरून ठेवलंय त्या ओल्या कापडानं. माझी आई ही गोष्ट सांगताना ‘पदर पसरला’ म्हणायची. मीही चाळिशीपर्यंत पदरच धरून चाललो. पुस्तक पुन्हा उघडलं तर तिथं ‘ओचे’, म्हणजे लुगड्याचा समोर खोचलेला भाग. वाचलेलं जसंच्या तसं राहत नाही. घरात जो शब्द वापरात असतो तो घालून घेऊन ते राहतं.

मधल्या काळात तंत्राचं पीक आलं. ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये आकर्षक सुरुवात, गुंतागुंत, निरगाठ यांचा हिशेब मांडला. तो चुकीचा नव्हता. पण कादंबरी हातातून सुटू नये एवढीच त्याची धाव. ती मनातून सुटू नये, हे निराळं काम.

१९६३ हे वर्ष मात्र थांबण्यासारखं आहे. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह त्या वर्षीचा. शीर्षकातलं ‘चोरली’ हे एकच क्रियापद घ्या. लपवली नाही, चोरली. जे आपलं नाही तेच चोरावं लागतं, आणि इथल्या दलित नायकाला माणूस म्हणून मिळणारी साधी वागणूकच त्याची नाही. गोष्ट वाचायच्या आधीच काटा रुतलेला असतो. त्याच साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. तिचं कथानक सांगताना भले भले अडखळतात, पण तिच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकरचं, बोलण्यात सारखं येणारं ‘उदाहरणार्थ’ होस्टेलांतून पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. कादंबरी न वाचलेलेही ते वापरतात.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, १८४०चं. अशा जुन्या वाचनालयाच्या काउंटरवर अर्धा तास उभं राहिलं तरी बरंच कळतं. मागच्या पावसाळ्यात एक आजी पुस्तक मागत होत्या. नाव आठवेना, लेखकही आठवेना.

‘अहो ते नाही का, त्यात ती रात्रीची उठून माठातलं पाणी पिते आणि माठ रिकामा असतो.’

‘आजी, कोण पिते?’

‘ते नाही आठवत हो. माठ आठवतो.’

काउंटरवरचे दादा दोन कपाटं शोधून आले. पुस्तक काही सापडलं नाही. आजींनी दुसरं घेतलं, मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारून घेतला, आणि दारापर्यंत जाऊन परत वळल्या. ‘माठ काळा होता बरं का,’ म्हणाल्या.