कोरड्या सुईआधीची ओली सुई

मान अवघडलेल्या रुग्णाच्या खांद्यात फिजिओथेरपिस्ट औषध नसलेली बारीक सुई टोचतो, तेव्हा पाहणाऱ्याला ते ॲक्युपंक्चरच वाटते. सुईही बहुधा तीच असते: भरीव, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची, एकदा वापरून टाकून देण्याची. ड्राय नीडलिंग म्हणवणाऱ्या या कोरड्या सुईच्या उपचाराची वंशावळ मात्र लंडन, न्यूयॉर्क आणि प्राग येथील डॉक्टरांच्या इंजेक्शनच्या सिरिंजपाशी जाऊन पोहोचते, आणि या सुईला कोरडी म्हणण्याचे कारण एवढेच की तिच्याआधी ओली, म्हणजे औषध टोचणारी सुई होती.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये जोनास केलग्रेन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरोगी माणसांच्या स्नायूंमध्ये मिठाचे ६ टक्के तीव्रतेचे पाणी टोचले होते. त्यामुळे होणारी वेदना पुष्कळदा सुईच्या जागी न जाणवता तिथून लांब, ठरावीक भागांत उमटत असे. खांद्यातल्या गाठीमुळे कानशील ठणकते हे आज फिजिओथेरपिस्ट सहज सांगतो. त्यामागचा पाया या प्रयोगांनी घातला.

अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी हाच धागा पुढे नेला. स्नायूतील दुखरी गाठ बोटाने चाचपून शोधायची आणि तिच्यात प्रोकेन हे बधिर करणारे औषध टोचायचे, या पद्धतीवर त्यांनी सहकाऱ्यांसह १९४२ पासून लेखन केले; अशा गाठीसाठी 'ट्रिगर पॉइंट' ही संज्ञा रुजली ती त्यांच्यामुळे. पाठदुखीने बेजार झालेले जॉन केनेडी १९५५ पासून त्यांचे रुग्ण होते, आणि १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वैयक्तिक वैद्य म्हणून व्हाइट हाऊसमध्ये नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांचे सहलेखक डेव्हिड सायमन्स मुळात हवाई दलातले डॉक्टर. १९५७ मध्ये बलूनमधून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर जाऊन आलेला हा माणूस पुढे आयुष्यभर स्नायूंतल्या गाठी चाचपत राहिला, हे मला नेहमीच गमतीचे वाटते. दोघांच्या ट्रिगर पॉइंटवरील ग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये आला.

दरम्यान, गुण येतो तो औषधाचा की टोचण्याचा, हा प्रश्न उभा राहिला होता. प्रागचे डॉ. कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागांचा अनुभव मांडला: जवळपास ८७ टक्के जागी नुसत्या सुईने वेदना तत्काळ शमली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरायला हवा; पण औषधाचे महत्त्व त्याने नक्कीच डळमळीत केले. व्हँकुव्हरच्या डॉ. चॅन गन यांनी १९८० मध्ये जुनाट कंबरदुखीवर नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. पुढे १९९४ मध्ये संशोधक हाँग यांनी मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपिझियस स्नायूच्या वरच्या भागातच लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन आणि कोरडी सुई यांची तुलना केली. सुई नेमकी लागली की त्या जागचे तंतू गळाला मासा लागावा तसे क्षणभर फडफडतात. ही फडफड झाली तर दोन्ही पद्धतींनी आराम पडला, न झाल्यास फारसा पडला नाही. कोरड्या सुईनंतर जागा अधिक ठणकली, एवढा फरक मात्र राहिला.

ॲक्युपंक्चर भारतात आले ते वेगळ्या वाटेने. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ साली चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून ती कोलकात्यात आणली. ट्रिगर पॉइंट आणि ॲक्युपंक्चरचे बिंदू बहुतांशी एकाच जागी येतात, असा दावा १९७७ मध्ये वेदनेचे अभ्यासक मेलझॅक आणि सहकाऱ्यांनी केला खरा, परंतु तो पुढे वादग्रस्त ठरला. एकच सुई दोन व्यवसायांच्या हाती आल्याने अमेरिकेत प्रकरण न्यायालयांपर्यंत गेले. नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये फिजिओथेरपिस्टांच्या बाजूने कौल दिला, तर कॅलिफोर्नियात त्यांना सुई टोचण्याची मुभा नाही.

ट्रिगर पॉइंट म्हणजे नेमके काय, यावरही एकमत झालेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जय शाह यांच्या गटाला २००५ मध्ये अशा दुखऱ्या गाठींत वेदनेशी निगडित रसायने अधिक आढळली. उलट २०१५ मध्ये क्विंटनर आणि सहकाऱ्यांनी ट्रिगर पॉइंटची कल्पनाच टिकाऊ नसल्याचे लिहिले. मानदुखीवरील चाचण्यांतून थोड्या काळाचा आराम दिसतो, दीर्घकालीन लाभाचा पुरावा मात्र तोकडा आहे. सुई चुकल्यास काय होते, याबाबत तेवढा वाद नाही. फुप्फुसाचे टोक गळपट्टीच्या हाडाच्याही वर आलेले असते, आणि सुई तिथवर गेली तर छातीत हवा भरू शकते. म्हणूनच जाणकार थेरपिस्ट खांद्यावरचा स्नायू आधी चिमटीत पकडून वर उचलतो आणि सुई त्या चिमटीतच, एका बोटाकडून दुसऱ्या बोटाकडे घालतो.