ट्रॅक, डीएटी आणि एमपी४ : स्पर्धेच्या क्लिपमागची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दिवाळीतले किल्ले, भजन, पोवाडा, एकपात्री अशा स्पर्धांना आता क्लिपही मागवतात. नियमावलीत एक ओळ ठरलेली असते : व्हिडिओ एमपी४मध्ये, आवाज स्पष्ट. चित्रीकरण एका मोबाइलवर झालेले असते, चांगला आवाज दुसऱ्याच यंत्रात असतो आणि शेवटच्या दिवशी दोन्ही जुळवायची धावपळ सुरू होते. पण चित्र आणि आवाज वेगवेगळे तयार करून एकत्र आणण्याचे काम या भागाला मोबाइलने शिकवलेले नाही. ते आपल्याकडे आधीपासून होते, शिवजयंतीच्या चित्ररथांवर.

बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेच्या परंपरेने शिवजयंती होते आणि तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॉलीवर उभ्या राहणाऱ्या सजीव देखाव्यात पात्रे स्वतः बोलत नाहीत. जनरेटरची घरघर, ढोल-ताशा आणि गर्दी यांत माइकवरचे संवाद कोणाला ऐकू जाणार? म्हणून निवेदन, संवाद, टापांचा आवाज, तुतारी हे सगळे आधी रेकॉर्ड करून ‘ट्रॅक’ बनतो आणि कलाकार त्यावर ओठ हलवतात. कॅसेटच्या काळात हे काम दोन डेकवर चाले. एका डेकवर वाजवायचे, दुसऱ्यावर भरून घ्यायचे. प्रत्येक नकलेबरोबर टेपची सरसर वाढे, म्हणून पहिली कॅसेट बाजूला जपून तिच्यावरूनच नकला काढाव्या लागत. ही शिस्त आजच्या फाइलींनाही तशीच लागू आहे.

१९६३मध्ये आलेल्या कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात प्रत्येक डेकची गती थोडी निराळी. चित्ररथावर त्याने काही बिघडत नसे, कारण जिवंत कलाकार आवाजाच्या मागे चालतो. व्हिडिओतले चित्र मात्र आवाजासाठी थांबत नाही. दोन यंत्रांची घड्याळे थोडी जरी मागेपुढे असली, तरी सुरुवातीला जुळलेला टाळ शेवटी हाताच्या आधी किंवा नंतर वाजतो. दोन फाइली जोडताना होणारा निम्मा मनस्ताप यातूनच येतो.

चित्र आणि आवाज एकाच फाइलीत घालण्याची सर्वमान्य रीत १९८८मध्ये स्थापन झालेल्या एमपेग या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने घालून दिली. त्या गटाच्या पहिल्या मानकावर १९९३मध्ये व्हिडिओ सीडी आली. लग्नाच्या आणि गॅदरिंगच्या शूटिंगमुळे ती आपल्या घराघरात पोहोचली. तिच्यातली ‘डीएटी’ फाइल अनेकांना आठवत असेल. ३५२ × २८८ ठिपक्यांचे चित्र, सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट चित्रासाठी आणि २२४ आवाजासाठी. दोन्ही प्रवाह आत वेगळेच राहतात आणि त्यांवरच्या वेळेच्या खुणा पाहून प्लेअर ते एकत्र वाजवतो. म्हणूनच चित्राला हात न लावता फक्त आवाज बदलता येतो.

यातली सर्वांत चिवट गाठ नमुन्यांच्या, म्हणजे डिजिटल आवाजासाठी दर सेकंदाला घेतलेल्या मोजमापांच्या, संख्येची आहे. १९८२च्या ऑडिओ सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. हा आकडा व्हिडिओ टेपवरून आला, कारण सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरच्याच फितीवर साठवत : एका रेषेवर ३ नमुने, एका फील्डमध्ये (म्हणजे अर्ध्या चित्रात) २९४ रेषा, सेकंदाला ५० फील्ड; गुणाकार ४४,१००. पुढे व्हिडिओच्या जगात मात्र ४८,००० रूढ झाले. सॉफ्टवेअरने ४४,१००चा ट्रॅक ४८,०००चा समजून वाजवला, तर पाच मिनिटांचे भजन सुमारे २४ सेकंद आधी संपते आणि सूर पेटीवरच्या साधारण दीड पट्टीने चढतो. काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी ऐकू येतो. परीक्षकाला गायक बेसूर वाटावा यासाठी एवढे पुरे. म्हणून ट्रॅक जोडण्याआधी तो रीतसर ४८,०००मध्ये रूपांतरित करून घ्यावा.

मग कॅमेऱ्याचे मोबाइल आले आणि ‘३जीपी’ फाइली आल्या. त्यांतला एएमआर आवाज बोलण्यासाठी बनलेला, सेकंदाला जेमतेम ८,००० नमुन्यांचा. मृदंग आणि टाळ त्यात टिकणे शक्यच नव्हते. त्या वर्षांतल्या कितीतरी भजनी मंडळांचा आवाज आज फक्त तशाच फाइलींत उरला आहे, याचे वाईट वाटते.

एमपी४ हा खरे तर डबा आहे. आत काय भरले आहे ते नावावरून कळत नाही. त्याची रचना ॲपलच्या १९९१च्या क्विकटाइमवरून घेतली. २००३मध्ये एच.२६४ हे चित्र आटवण्याचे मानक आले. एमपी४मध्ये एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज, ही जोडी जवळपास सगळीकडे चालते आणि आयोजकांना बहुधा हीच हवी असते. २०१७पासून आयफोन एचईव्हीसी या चित्र आटवण्याच्या नव्या मानकात चित्रित करू लागले. तोही डबा वरून नेहमीसारखाच दिसतो, पण जुन्या संगणकावर उघडत नाही. शिवाय अंधार पडला की अनेक मोबाइल सेकंदाला घेतलेल्या फ्रेमची संख्या आपोआप कमी करतात. पणत्यांच्या उजेडातला किल्ला किंवा रात्रीचा देखावा चित्रित केल्यावर एडिटिंगमध्ये आवाज सरकतो, त्याचे हे नेहमीचे कारण.

फ्रेंच प्रोग्रॅमर फाब्रिस बेलार यांनी २०००मध्ये सुरू केलेले एफएफएमपेग हे फुकट साधन इथे फार मोलाचे आहे. त्यात ‘कॉपी’चा पर्याय दिला की चित्र पुन्हा न आटवता नवा आवाज जोडला जातो, दर्जा तसूभरही घटत नाही आणि कामही चटकन होते. जुळवणीसाठी सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक ठळक टाळी वाजवावी. शेवटीही एक वाजवावी, म्हणजे आवाज मध्येच सरकला का ते कळते. भजनी मंडळाला वेगळी टाळीही लागत नाही, पहिला टाळ पुरतो.

२०२०च्या वैशाखात टाळेबंदीमुळे मिरवणूक निघणे शक्यच नव्हते. त्या काळात स्पर्धांच्या प्रवेशिका व्हॉट्सॲपवर आल्या आणि तिथे १६ एमबीची मर्यादा आडवी आली. पाच मिनिटांच्या क्लिपला एवढ्या जागेत सेकंदाला सुमारे ४२५ किलोबिट मिळतात, चित्र आणि आवाज धरून. म्हणजे वर सांगितलेल्या व्हिडिओ सीडीच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. एच.२६४ कार्यक्षम आहे म्हणून चित्र तरी ओळखू येते. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती पुन्हा आटवली जात नाही आणि २०२२पासून तिथली मर्यादा २ जीबी आहे. खेड्यापाड्यातल्या मंडळांना आयोजकांनी एवढे एक वाक्य आवर्जून सांगावे.

आणखी एक गोष्ट नियमावलीत स्पष्ट हवी. देखाव्याच्या स्पर्धेत वेगळा ट्रॅक ही परंपराच आहे, पण गायनाच्या स्पर्धेत नंतर जोडलेला आवाज म्हणजे डबिंगचा संशय. त्याच वेळी गायलेला, फक्त चांगल्या माइकवर घेतलेला आवाज जोडणे मला पूर्ण न्याय्य वाटते. अशा वेळी आयोजकांनी कॅमेऱ्यातली मूळ फाइलही सोबत मागवावी, म्हणजे दोन्ही आवाज ताडून पाहता येतील.