व्हेगस : एका भटक्या नसेची पार्श्वभूमी

व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूतून पोटापर्यंत जाणारी नस, ‘जागी’ करण्याचे उपाय सांगणारे व्हिडिओ सध्या ढिगाने निघतात. तोंडावर गार पाणी मारा, गुणगुणा, श्वास सावकाश सोडा. यातलं सगळंच हवेतलं नाही. श्वास सोडताना व्हेगसमुळे हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, आणि तोंडावर गार पाण्याचा हबका बसला तरी तेच होतं. बाकीचे बरेच दावे मात्र पुराव्याला मागे टाकून पळतात. जे खात्रीचं आहे, त्याची सुरुवात एका किंचाळणाऱ्या डुकरापासून झाली.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन हा ग्रीक वैद्य चारचौघांसमोर जिवंत प्राण्यांची चिरफाड करून दाखवायचा. (भूल देणं तेव्हा नव्हतंच.) बांधलेलं डुक्कर किंचाळत असताना तो गळ्यातल्या दोन बारीक नसा दोऱ्याने आवळी, आणि आवाज बंद. धडपड चालू, श्वास चालू, फक्त आवाज नाही. आवाज हृदयातून निघतो असं मानणाऱ्यांना ते उत्तर होतं. या दोन नसा व्हेगसच्याच फांद्या. डावीचा रस्ता तर चमत्कारिकच: गळ्यातून छातीत उतरायचं, महाधमनीच्या कमानीला वळसा घालायचा आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे चढायचं.

मुख्य नस मेंदूच्या बुडातून, लंबमज्जेतून, दोन्ही बाजूंना एकेक निघते आणि मान, हृदय, फुप्फुसं, जठर करत मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागापर्यंत जाते. लॅटिनमध्ये ‘व्हेगस’ म्हणजे भटका. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या जोड्या कोणी सात मोजल्या, कोणी नऊ. १७७८ मध्ये सोमरिंग या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने बारा ठरवल्या आणि व्हेगसला दहावा क्रमांक मिळाला, तो आजही आहे.

१८४५ मध्ये वेबर बंधू या जर्मन शास्त्रज्ञांनी व्हेगसला विजेचा झटका दिला तेव्हा हृदय चक्क मंदावलं, थांबलं. तोवर समज असा की नस चेतवली की अवयव कामाला लागतो. नस ब्रेकही लावू शकते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

हा ब्रेक लागतो कसा? ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ऑटो लोवी या औषधशास्त्रज्ञाने सांगितलेली गोष्ट अशी: रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, झोपेतच कागदावर खरडला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडलं, तेव्हा तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकांची दोन हृदयं घेतली. एकाची व्हेगस चेतवली, ठोके मंदावले. त्या हृदयातलं द्रावण दुसऱ्यात घातलं, तर तेही मंदावलं, त्याच्या नसेला हातही न लावता. म्हणजे नसेच्या टोकाशी काहीतरी रसायन सुटत होतं. १९२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते रसायन ॲसिटिलकोलीन निघालं, आणि १९३६ मध्ये लोवी व ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. स्वप्नाची गोष्ट कितपत रंगवलेली आहे कोण जाणे. प्रयोग मात्र टिकला.

जठरातलं आम्लही व्हेगसच्या सांगण्यावरून सुटतं हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हने कुत्र्यांवर दाखवलं होतंच. त्याचा आधार घेऊन १९४३ मध्ये शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेट या सर्जनने अल्सरच्या (पोटातल्या व्रणाच्या) रुग्णाची व्हेगसच कापली. आम्ल घटलं, पण जठर रिकामं होईना, कारण अन्न पुढे ढकलण्याचं कामही तीच करते. मग नस कापताना अन्नाला वेगळी वाट करून देणं ओघानेच आलं. पुढे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आल्या, अल्सरमागचा जिवाणू सापडला आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली.

इथवर सगळ्यांचं लक्ष खाली येणाऱ्या हुकमांवर. पण व्हेगसमधले साधारण ८० टक्के तंतू उलट्या दिशेचे आहेत, पोटाची-छातीची खबर मेंदूला देणारे. मग खालून वर करंट पाठवून मेंदूवरच परिणाम का करू नये? १९८८ मध्ये अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) रुग्णात असं यंत्र पहिल्यांदा बसवलं गेलं. अमेरिकेत १९९७ मध्ये अपस्मारासाठी आणि २००५ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी त्याला मान्यता मिळाली.

यंत्र छातीच्या कातडीखाली, तार मानेतल्या डाव्या व्हेगसभोवती. डावीच, कारण हृदयाचा ताल ठरवणाऱ्या गाठीवर उजवीचा जोर जास्त. करंट सुरू असेपर्यंत अनेक रुग्णांचा आवाज घोगरा होतो: गेलनने दोऱ्याने आवळलेल्या फांदीचे तंतू त्याच तारेखालून जातात.