डायरेक्टरचा नंबर आला कुठून? कागदावरची नाती शोधण्याची पार्श्वभूमी

एखादा माणूस कुठल्या कुठल्या कंपन्यांवर डायरेक्टर आहे आणि त्याच्या शेजारी कोण बसतं, हे आज मोबाईलवर निघतं, पण ही शोधाशोध नेटच्या आधीपासूनची आहे. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी १९६० च्या दशकात मोठ्या उद्योगघराण्यांच्या कंपन्यांचे शेअरहोल्डर आणि डायरेक्टर ताडून बघितले आणि कुठली कंपनी खरी कोणाच्या ताब्यात आहे ते मांडलं. उद्योगांना मिळणाऱ्या सरकारी लायसन्सवरचा त्यांचा १९६७ चा रिपोर्ट बिर्लांच्या बाबतीत तर भलताच गाजला, आणि मक्तेदारी रोखायला आणलेल्या १९६९ च्या एमआरटीपी कायद्यामागे या सगळ्या वादाचा हात होताच.

सामान्य माणसालाही रेकॉर्ड बंद नव्हतं. १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम ६१० होतं, फी भरा आणि फाईल बघा. पण फाईल कंपनीच्या नावाची, माणसाच्या नावाची नाही. म्हणजे कंपनी आधी माहीत पाहिजे, मग तिथला माणूस सापडणार, उलटं विचारायची सोय नाही, आणि त्यात एकाच माणसाचं नाव एका फाईलीत एस. व्ही. कुलकर्णी, दुसरीत कुलकर्णी सुरेश, तिसरीत स्पेलिंगच वेगळं.

२००६ मध्ये कंपनी मंत्रालयाचं (एमसीए) एमसीए२१ पोर्टल आणि डीआयएन, म्हणजे डायरेक्टरचा ओळख नंबर, आले, आणि माझ्या मते खरा बदल तिथे झाला. आठ आकडी नंबर, माणसाला एकच, कंपन्या कितीही बदला. एवढ्यानेच माणसाच्या बाजूने शोध सुरू करता आला. दुसरीकडे सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवारांना स्वतःची, बायकोची किंवा नवऱ्याची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता अॅफिडेव्हिटवर द्यावी लागली, त्यामुळे नेत्याच्या घरातले शेअर आणि कंपनीचं रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवता येऊ लागलं. २०१६ च्या पनामा पेपर्समध्ये, म्हणजे परदेशातल्या आडोशाच्या कंपन्यांचे फुटलेले कागद पत्रकारांनी तपासले तेव्हा, हेच जगभर झालं, १ कोटी १५ लाख कागद, आणि नाती दिसावीत म्हणून ग्राफ डेटाबेस वापरला, म्हणजे कोण कोणाशी जोडलंय ते जाळ्यासारखं दाखवणारा.

इलेक्टोरल बाँडचं, म्हणजे पक्षांना नाव न कळू देता देणगी द्यायच्या बाँडचं, उदाहरणही बघा. १४ मार्च २०२४ ला निवडणूक आयोगाने दोन याद्या टाकल्या, एक घेणाऱ्यांची, एक वटवणाऱ्या पक्षांची, आणि मधला दुवा गायब. सुप्रीम कोर्टाने बाँड विकणाऱ्या स्टेट बँकेला परत झापल्यावर २१ मार्चला बाँडचे नंबर आले आणि कोणाचा पैसा कुठे गेला ते लोकांनी लगेच जुळवलं. ४१० कोटींचे बाँड घेणारी क्विक सप्लाय चेन फारशी कोणाला माहीतही नव्हती, पत्रकारांनी तिचे डायरेक्टर एमसीएवर काढले तर रिलायन्सशी संबंधित कंपन्यांची नावं समोर आली. आपली ती उपकंपनी नाही असं रिलायन्सने सांगितलं, आणि हेही लक्षात ठेवायलाच हवं, डायरेक्टर कॉमन निघणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे.

ती मालकी कळावी म्हणूनच २०१८ चे नियम आहेत, १० टक्के किंवा जास्त लाभाचा हिस्सा असलेल्या खऱ्या माणसाचं नाव कंपनीने कळवायचं. पण दुसऱ्या बाजूने दार लोटलं जातंय, कारण २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं, आणि वैयक्तिक माहिती नाकारताना त्याच कलमात असलेली जनहिताची अट काढून टाकली.