जर्मनीत उतरल्यावर पहिले कागद: आन्मेल्डुंगपासून रेसिडन्स परमिटपर्यंत

नव्याने आलेल्या प्रत्येकाचे पहिल्या आठवड्यातले प्रश्न ठरलेले असतात: बँकेत खातं कधी उघडायचं, पगार कशात जमा होणार, सिमकार्ड कुठलं घ्यायचं. सिमकार्ड कुठलंही घ्या. बाकी सगळं मात्र एकाच कागदावर अडतं, तो म्हणजे पत्त्याची नोंदणी. इथे सगळे तिला ‘आन्मेल्डुंग’च म्हणतात, आठवडाभरात तुम्हीही म्हणायला लागाल.

जर्मनीत राहायला आलेल्या प्रत्येकाने घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंदणी करायची असते. तान्ह्या बाळालाही सूट नाही. व्हिजिट व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मात्र आहे, कारण कायम परदेशात राहणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी नोंदणी लागत नाही. नोंदणीला पैसे पडत नाहीत. टाळली तर १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्या शहरांत ‘टर्मिन’, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या भेटीची वेळ, बऱ्याचदा दोन आठवड्यांत मिळत नाही. तेव्हा मिळेल ती तारीख घ्या आणि बुकिंगचा ईमेल जपून ठेवा, प्रयत्न वेळेत केल्याचा तोच पुरावा. रद्द झालेल्या वेळा अधूनमधून पुन्हा दिसतात, म्हणून सकाळी लवकर उठून वेबसाइट बघत राहा.

सोबत न्यायचं ते असं: सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि व्हिसा, भरलेला फॉर्म, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला. आणि घरमालकाचं सहीचं पत्र. त्याचं नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. उच्चार जमला नाही तरी चालेल, कागद हवा. भाड्याचा करार दाखवून भागत नाही, खिडकीवरची बाई शांतपणे परत पाठवते. म्हणूनच सुरुवातीचे दोन-तीन महिने तात्पुरत्या फ्लॅटमध्ये काढणार असाल, तर पैसे भरण्याआधीच मालकाला विचारा, हे पत्र देणार का? बरेच जण देत नाहीत.

लग्नाच्या दाखल्याची घाई का, असं वाटेल. नवरा-बायको दोघंही इथे राहत असतील आणि लग्नाची नोंद झाली असेल, तर टॅक्स क्लास, म्हणजे पगारातून कर किती कापायचा ते ठरवणारा गट, १ वरून ४ होतो, आणि एकाचाच पगार असेल तर अर्ज करून ३ आणि ५ अशी विभागणी घेता येते. हातात येणाऱ्या पगारात फरक चांगला जाणवतो. महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणा. मंगल कार्यालयाची पावती आणि फोटो इथे कुणी बघत नाही. अपोस्टिलवर, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणाऱ्या सरकारी शिक्क्यावर, पैसे घालण्याआधी इथल्या कार्यालयाला ईमेल करून नक्की काय हवं ते विचारा, कारण भारत अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने त्यावर हरकत घेतली होती, त्यामुळे नुसता तो शिक्का इथे पुरेलच असं नाही. मराठी मजकुराचं भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्यावं लागतं.

आता नावाचा घोळ. आपल्या पासपोर्टात नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि इथे ते दोन्ही मिळून ‘पहिलं नाव’ होतं. त्यावर हरकत घेत बसू नका. पासपोर्टात जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच सगळीकडे लिहा: बँकेत, विम्यात, नोकरीच्या करारात.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक मित्रांनी तो भरण्याआधी थांबावं. तिथे कॅथलिक लिहिलं की चर्च टॅक्स सुरू होतो: आयकराच्या ९ टक्के, बायर्न आणि बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्यांत ८ टक्के. हिंदूंना असा कर नाही.

नोंदणी झाली की हातात एक साधा कागद पडतो. त्यावर बँकेत खातं उघडतं. दोन-तीन आठवड्यांनी ११ आकडी कर क्रमांक, म्हणजे ‘श्टॉयर-आयडी’, येतो. तो येतो टपालानेच, फोनवर किंवा ईमेलने सांगत नाहीत. इथेच मी फसलो होतो. आमच्या पत्रपेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं, आणि इथला पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, आडनाव बघतो. कर क्रमांक परत गेला, मागोमाग बँकेच्या कार्डाचा पिन परत गेला, आणि मला महिनाभर पत्ताच लागला नाही. क्रमांक मिळाला नाही तर काही काळाने कंपनी टॅक्स क्लास ६ ने कापायला लागते, म्हणजे सगळ्यात जास्त. तेव्हा चावी मिळाल्याच्या दिवशीच कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीने पेटीवर आणि बेलवर लावा. छापील पाटी नंतर करा.

आरोग्य विमा सक्तीचा आहे. सरकारी पद्धतीच्या विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं जादा हप्ता न भरता येतात. तरुणपणी खासगी विमा स्वस्त दिसतो, पण त्यातून परत फिरणं अवघड असतं.

व्हिसा संपण्याच्या आत परदेशी नागरिक कार्यालयात रेसिडन्स परमिटचा अर्ज जायलाच हवा. १ मे २०२५ पासून कागदी फोटो घेत नाहीत, डिजिटलच लागतो. कार्ड यायला वेळ लागला तर मधल्या काळासाठी ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचं पत्र देतात. गणपतीला किंवा भावाच्या लग्नाला घरी जायचं असेल, तर त्यावर निवास कायद्याच्या कलम ८१ चा कितवा परिच्छेद लागू केला आहे ते आधी बघा. ४ असेल तर परत येता येतं. ३ असेल तर तिकीट काढू नका.

भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि गाडी चालवण्याची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आणि गावाकडचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करायचं राहिलं असेल, तर तो अर्जही याच महिन्यात पाठवून टाका.